राइट बॅकची जागा, माझा घोटा आणि मेव्हणा

हॉकी खेळताना माझा उजवा घोटा मोडला, एवढं सांगून मी जरा थांबतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरवंगार मैदान, अंगावर धावून येणारा फॉरवर्ड, शेवटच्या क्षणाला मी घेतलेली झेप वगैरे उभं राहायला तेवढा वेळ लागतोच. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "खड्ड्याचं सांगा की!" मग मला खड्ड्याचं सांगावं लागतं.

सोलापुरात आम्ही रविवारी सकाळी हॉकी खेळतो ते मैदान मुरमाचं आहे. त्यात हिरवं म्हणाल तर कडेचा एक कडुलिंब. रविवारची सकाळ सोडली तर ते मैदान आमचंही नसतं. लग्नसराईत तिथे मांडव पडतात, निवडणुका आल्या की सभा होतात, अधूनमधून चादरी-टॉवेलांचे सेल लागतात. माणसं जातात, मांडव जातो, पण मांडवाच्या खांबांचे खड्डे मागे राहतात. ते बुजवल्याशिवाय खेळता येत नाही. म्हणून आमच्या कॅप्टननं फार वर्षांपूर्वी कायदा करून ठेवलाय : ज्याची जागा, त्याचे खड्डे. सेंटर हाफनं मधले बुजवायचे, गोलकीपरनं गोलपुढचे आणि राइट बॅकनं उजव्या अंगाचे मागचे. कोपऱ्यात मुरमाचा ढीग असतो, पाट्या असतात, मुरूम ठोकून बसवायची एक जुनी धुमसही आहे.

कॅप्टन म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. गाडी सोडायची शिट्टी त्यांनी अजून जपून ठेवलीय आणि सामनाही ते गाडी सोडल्यासारखाच सुरू करतात. मी कॉलेजच्या वयापासून त्यांच्या हाताखाली राइट बॅक आहे. आता चाळिशी ओलांडली, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो, पोट थोडं पुढे आलंय, पण जागा तीच. तिथे मी खेळतो असं माझं म्हणणं आहे. मी तिथे उभा असतो असं चाचांचं म्हणणं आहे.

तर त्या फेब्रुवारीत शनिवारी मैदानात कुणाचं तरी मोठं लग्न झालं होतं. मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो. बाकीच्यांचे खड्डे बुजवून झाले होते आणि माझ्या वाट्याला एक दणदणीत खड्डा तोंड उघडून बसला होता. मुरमाचा ढीग होता मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. माझ्या पायाशी मात्र पत्रावळी, द्रोण आणि सुकलेले हार पसरलेले होते. मी आजूबाजूला बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पत्रावळी आत, द्रोण आत, हार आत. वरून चार मुठी मुरूम भुरभुरला, बुटानं थोपटलं. काय देखणं काम झालं होतं! खड्डा कुठे होता हे मलासुद्धा ओळखू येईना, आणि घोळ झाला तो तिथेच.

सामना सुरू झाला. चेंडू मैदानाच्या डाव्या अंगाला होता. माझ्या आसपास कुणी फॉरवर्ड नव्हता, कुणीच नव्हतं. मी आपला मागे मागे सरकत लेफ्ट बॅकला कसं खेळायचं ते ओरडून सांगत होतो. "अरे पुढं जा! पाय हलव, पाय!" असं म्हणताना माझाच पाय हलला. तो द्रोणांतून थेट खाली गेला आणि बाकीचा मी वरच राहिलो. पापड मोडावा तसा आवाज आला. लेफ्ट बॅक नंतर म्हणाला, त्याला वाटलं सर पाय कसा हलवायचा ते करून दाखवतायत.

हॉस्पिटलात एक्स-रे काढला. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती आणि पाऊल सांध्यातून सरकलं होतं. आयुष्यभर मी फळ्यावर प्रस्तरभंगाच्या आकृत्या काढत आलो, पण इतकी स्वच्छ आकृती मला कधी जमली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"टॅकल करताना," मी म्हणालो.

तेवढ्यात चाचा आत आले. एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात मुरमानं माखलेली पत्रावळ. मला रिक्षात घालून पाठवल्यावर त्यांनी खड्डा उकरला होता. पत्रावळ त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "इसकू टॅकल किये सर."

त्यानंतर त्या हॉस्पिटलात मला सहानुभूती म्हणून मिळाली नाही. सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या तरी आधी हसून घ्यायच्या.

ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा अर्धा भाग बधिर केला होता, त्यामुळे मी सगळं ऐकत होतो. ड्रिल मशीनचा आवाज, स्क्रू पिळल्याचा आवाज. घरी कपाट बसवून घेताना जसं वाटतं तसं वाटत होतं, फरक एवढाच की कपाट मी होतो. एक प्लेट आणि बरेच स्क्रू घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "छान बसलंय. चालाल, जिने चढाल, गाडी चालवाल."

"आणि हॉकी?"

"हॉकीचं नंतर बघू."

हे 'नंतर बघू' मला चांगलं ओळखीचं आहे. मुलं मार्क वाढवून मागायला येतात तेव्हा मी त्यांना तेच सांगतो. म्हणजे त्याचा अर्थ मला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होता. त्या कॉटवर, दोन्ही पाय बधिर असताना, मला पहिल्यांदा खरी धडकी भरली. भूगोल मी खुर्चीवर बसूनही शिकवू शकलो असतो. पण रविवारी सकाळी त्या मुरमावर, उजव्या अंगाला मागे, माझी म्हणून जी जागा होती ती गेली तर मी रविवारी करायचं काय? बायको म्हणाली, "घरातले माळे काढा." धडकी आणखी वाढली.

संध्याकाळी कर्नाटकच्या हद्दीवरच्या दुधनीहून माझा मेव्हणा आला. बायकोचा मोठा भाऊ. तुरीची अडत आहे, थोडी शेती आहे, उंचीनं आणि अंगानं असा आडवा-तिडवा की हॉस्पिटलच्या दारातून आत येताना दार लहान वाटलं. बहिणीशी तो कानडीत बोलतो, माझ्याशी मराठीत आणि मला दाजी म्हणतो. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. आमच्याकडे या शब्दात इतका मान भरलेला असतो की तो उच्चारल्यावर समोरच्याला शिवी देता येत नाही. मेव्हणा माझ्या प्लास्टरकडे बघत उभा राहिला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "दाजी, असं कसं वो केलं?" आणि मग बहिणीनं कानडीत दोन वाक्यं सांगितली तेव्हा तो तोंडावर उपरणं धरून व्हरांड्यात गेला. बराच वेळ खांदे हलताना दिसत होते.

पुढे उन्हाळा लागला. सोलापूरचा उन्हाळा आणि पायात प्लास्टर, याहून वाईट जोडी मी बघितलेली नाही. आत खाज सुटायची आणि हात पोचायचा नाही. मी केरसुणीची काडी आत सारायला शिकलो. त्यात इतका तरबेज झालो की डोळे मिटून नेमक्या जागी पोचायचो. एकदा काडी आत मोडली. मी हे कुणाला सांगितलं नाही. प्लास्टर कापताना डॉक्टरांनी ती चिमट्यानं वर काढली, उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "ही आम्ही ठेवली होती का?"

दर रविवारी मेव्हणा सकाळच्या गाडीनं मला बघायला यायचा. कधी तूरडाळ, कधी ज्वारीचं पीठ, कधी नुसता हात हलवत. अशाच एका रविवारी चाचा घरी आले. एक माणूस कमी पडत होता. त्यांनी दारातच मेव्हण्याला बघितलं आणि त्यांची नजर बैलबाजारात फिरणाऱ्या माणसासारखी झाली.

"हे पैलवान कोण?"

"माझा मेव्हणा."

"हॉकी खेळलाय कधी?"

"न्हाय बा," मेव्हणा म्हणाला. "बैलाला आडवा जाऊन वळवता येतंय, येवढंच."

"तेवढंच पायजे," चाचा म्हणाले. "चल."

मेव्हण्यानं माझ्याकडे बघितलं. परवानगीशिवाय तो हलणार नव्हता. "दाजी, तुमची जागा हाय. मी निस्ती राखतो. तुमी बरं झाला की तुमची तुमाला."

मी मोठ्या मनानं माझी स्टिक त्याच्या हातात दिली. मोठं मन वगैरे काही नव्हतं, खरं सांगायचं तर मला हसू येत होतं. हा माणूस मुरमावर कसा धडपडतो याची हकिगत ऐकायला मी संध्याकाळपर्यंत वाट बघत बसलो. तो आला, गुडघे खरचटलेले, तोंडभर हसू. आणि त्याच्या मागून चाचांचा फोन आला. "अरे, तेरा साला तो दीवार है रे!"

त्या रात्री मला पायापेक्षा दुसरंच काहीतरी ठसठसत होतं.

वॉकर घेऊन चालता यायला लागलं तसा मी मैदानावर हजर झालो. आमच्याकडे आणखी एक रीत आहे : जो जखमी, तो पंच. पळता न येणाऱ्या माणसाला प्लास्टिकची खुर्ची देतात, गळ्यात शिट्टी अडकवतात आणि मधल्या रेषेच्या टोकाला, कडुलिंबाखाली बसवतात. खुर्चीतून दोन्ही डी, म्हणजे गोलपुढची अर्धवर्तुळं, दिसत नाहीत, पण आमच्या हॉकीत तेवढं बघायची गरजही नसते.

बसल्यावर पहिली गोष्ट दिसली ती उजव्या अंगाची जमीन. गुळगुळीत. मेव्हणा स्टेशनवरून थेट मैदानावर यायचा, सगळ्यांच्या आधी, आणि माझे खड्डे मुरूम-पाणी घालून धुमसून काढायचा. लोक येऊन त्या जागेला हात लावून बघत होते. म्हणजे खड्डेसुद्धा माझ्यापेक्षा चांगले.

सामना सुरू झाला. मेव्हण्यानं पहिल्याच वेळी फॉरवर्डच्या पुढ्यात स्टिक आडवी टाकून चेंडू काढला. अगदी स्वच्छ. मी शिट्टी वाजवली.

"काय झालं?" चाचा.

"स्टिक वर गेली."

"कुठं वर? जमिनीला घासत होती!"

"मला इथून वर दिसली."

मेव्हणा हात जोडून म्हणाला, "दाजी म्हणतात म्हंजी गेली आसंल." दुसऱ्यांदा त्यानं तसाच चेंडू काढला. मी शिट्टी वाजवली. कारण दिलं, मागून अडवलं. तिसऱ्यांदा तो चेंडूजवळ पोचायच्या आधीच माझी शिट्टी वाजली. आता दोन्ही संघ माझ्याकडे बघायला लागले.

"आता काय?" चाचांनी विचारलं.

मी शिट्टीची दोरी पिळत म्हणालो, "त्याचा... त्याचा इरादा बरोबर नव्हता."

चाचा खुर्चीपाशी आले. माझ्या गळ्यातली शिट्टी काढली, दोरी गुंडाळली, खिशात घातली आणि मला खुर्चीसकट, दोन माणसं लावून, तोंड कडुलिंबाकडे करून बसवलं. उरलेला सामना मी पाठीनं ऐकला. मेव्हणा अधूनमधून ओरडून मला काय झालं ते सांगत होता. "दाजी, चेंडू आपल्याकडं हाय! दाजी, त्यो गेला बाहीर!" घरी जाताना रिक्षात तो म्हणाला, "बिड्री दाजी. पंचाचं काम लई अवघड असतंय." बिड्री म्हणजे सोडून द्या हो. तो चेष्टा करत असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता.

त्या दिवशी मी ठरवलं की आता पाय बरा करायचा म्हणजे करायचाच.

फिजिओथेरपिस्ट म्हणून जी मुलगी मिळाली ती माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती आणि मला काका म्हणायची. तिनं पहिल्या दिवशी टॉवेल जमिनीवर पसरला. "काका, पायाच्या बोटांनी हा गोळा करायचा." सोलापुरात राहून मी टॉवेल विकत घेतले, भेट दिले, पाहुण्यांना दाखवले, पण पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करताना घाम फुटू शकतो हे मला माहीत नव्हतं. मग अंगठ्यानं हवेत बाराखडी काढायची. क सरळ निघाला. ज्ञपर्यंत पोचेतो मी रडकुंडीला आलो. मग चादरीची जाड घडी घालून तिच्यावर एका पायावर उभं राहायचं. दात घासताना, फोनवर बोलताना, दूध उतू जातंय का बघताना. बायकोनं दूध माझ्याकडे दोनदा सोपवून बघितलं आणि मग नाद सोडून दिला.

वर्गातही मी टेबलाआड एका पायावर उभा राहून मोसमी वारे शिकवायला लागलो. मुलांना वाटलं सरांनी कसला तरी नवस बोललाय.

पावसाळा सरता सरता मी चोरून मैदानावर स्टिक फिरवून आलो. सोमवारी फिजिओनं घोट्याला हात लावला आणि विचारलं, "काका, काल काय केलंत?"

"काही नाही. माळे काढले."

"माळ्यावर मुरूम होता का?" तिनं माझ्या बुटाकडे बोट दाखवलं. मग पुढचा महिना तिनं मला नुसती बाराखडी काढायला लावली.

दसऱ्याच्या सुमाराला मात्र तिनंच परवानगी दिली. पाय पळायला लागला, वळायला लागला, उड्या मारायला लागला. डॉक्टरही म्हणाले, "खेळा." एवढं सगळं मिळवलं आणि पहिल्याच रविवारी कळलं की खरी पंचाईत अजून बाकी आहे. सरावात मेव्हणा समोरच्या संघात होता. तो चेंडू घेऊन माझ्यावर आला, मी अडवायला पुढे झालो, आणि शेवटच्या क्षणी माझा उजवा पाय आपणहून मागे गेला. गरम तव्यावरून हात मागे घ्यावा तसा. पाय माझा होता, पण ठरवत तो होता. पुन्हा तेच. पुन्हा तेच. बॅक म्हणून उभं राहायचं आणि पाय रोवायचा नाही, तर मग खुर्चीत बसलेलं काय वाईट होतं?

मग अचानक मला जमायला लागलं. मेव्हणा यायचा, मी स्टिक टाकायचो, चेंडू माझ्याकडे. "वा दाजी!" तो ओरडायचा. मी दोन रविवार हवेत तरंगत होतो. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की मी स्टिक टाकायच्या आधीच चेंडू त्याच्याकडून सुटलेला असतो. तो मला चेंडू देत होता. बहिणीच्या लहान लेकराला कुस्तीत जिंकू द्यावं तसा.

"मुद्दाम सोडतोयस ना?" मी जेवताना विचारलं.

त्यानं भाकरी मोडली, बहिणीकडे बघितलं, पिठल्याकडे बघितलं. "दाजी, तुमचा पाय..."

"माझा पाय बरा आहे."

"व्हय की. बराच हाय," तो म्हणाला, आणि माझ्या ताटात आणखी भाकरी वाढली. त्या भाकरीइतकी अपमानास्पद भाकरी मी खाल्लेली नाही. वर लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ती मी संपवली.

दिवाळीनंतर दरवर्षी टेंभुर्णीचा संघ आमच्याकडे येतो. सगळे ट्रकवाले, ढाबेवाले, हायवेवरची माणसं. खेळतातही ब्रेक नसल्यासारखे. सामन्याआधी चाचांनी संघ सांगितला आणि राइट बॅकपाशी अडखळले. मेव्हणा लगेच म्हणाला, "दाजी खेळणार. जागा त्यांची हाय. मी राखत हुतो." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला हो म्हणायचं होतं आणि पळूनही जायचं होतं. चाचा म्हणाले, "आधा-आधा. पहले पैलवान, बाद में मास्तर."

पहिल्या अर्ध्यात मेव्हण्यानं एकालाही पुढे जाऊ दिलं नाही. सामना बरोबरीत राहिला. दुसऱ्या अर्ध्यात मी उतरलो. पहिला फॉरवर्ड आला, पाय मागे, तो गेला. नशीब गोलकीपर जागा होता. दुसरा आला, पाय मागे. बाजूला बसलेला मेव्हणा डोळे मिटून घेत होता हे मला दिसत होतं. मी मनातल्या मनात त्या पायाला समजावत होतो, दटावत होतो, बायकोच्या नावानं भीती घालत होतो.

सामना संपत आला आणि टेंभुर्णीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. तेव्हा बचाव करणारे गोलरेषेमागून निघतात. बाकीचे पुढे धावतात आणि राइट बॅकला गोलच्या खांबापाशी थांबावं लागतं. गोलकीपरला चुकवून आलेला चेंडू अडवायला. म्हणजे मला. चेंडू आत आला, त्यांच्यातल्या एका ढाबेवाल्यानं जीव खाऊन मारला, गोलकीपर आडवा झाला आणि चेंडू त्याच्यावरून थेट खांबाच्या आतल्या बाजूला. मी स्टिक घातली. स्टिक उशिरा पोचली. पण पाय तिथेच होता. मागे गेलाच नाही! मुरमात रोवलेला, आडवा, आणि चेंडू फाडकन त्याच घोट्यावर येऊन आदळला आणि मेला.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी खाली बसलो. पाऊल हलवलं. वर, खाली, गोल. हवेत क काढला. निघाला. ख काढला. निघाला! मी उठून उभा राहिलो, त्या पायावर उडी मारली, आणखी एक मारली. "काही झालं नाही!" मी ओरडलो. "चाचा, काही झालं नाही! घोटा शाबूत आहे!"

तोपर्यंत पंचांनी हात दाखवला होता. हॉकीत चेंडू स्टिकनंच अडवायचा असतो. पायाला लागला तर फाऊल, आणि गोलात जाणारा चेंडू पायानं अडवला तर पेनल्टी स्ट्रोक. टेंभुर्णीवाल्यानं स्ट्रोक घेतला, गोल झाला, आम्ही हरलो. आमचे सगळे खेळाडू मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्यामध्ये मी एकटा, ज्याच्यामुळे हरलो तो, एका पायावर नाचत होतो. टेंभुर्णीच्या लोकांना वाटलं मी त्यांचाच माणूस आहे. त्यातल्या एकानं येऊन मला मिठी मारली.

चाचा काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. काही भाग तर मला नव्यानं कळला.

मेव्हणा मात्र मैदानाबाहेरून पळत आला, खाली बसला, माझा मोजा उतरवला आणि घोटा दोन्ही हातांनी दाबून बघितला, तुरीचा नमुना बघतो तसा. लाल झाला होता, बाकी काही नाही. तो उठला. तोंडभर हसत म्हणाला, "दाजी, खरंच बरा झालाय की वो!"

"मग सांगत काय होतो?"

"मंग आता राखायचं काम संपलं," तो म्हणाला. मी मान डोलावली. जागा परत मिळाली म्हणून मनात गुदगुल्या होत होत्या. तेवढ्यात त्यानं पुढचं वाक्य टाकलं. "आता म्या माज्यासाठी खेळणार. आजपातूर तुमी आजारी हुता, म्हनून गप हुतो. आता चाचा ठरिवतील, राइट बॅक कोन."

मी मोजा वर ओढला. राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, कितीतरी महिन्यांत त्या घोट्याबद्दल कुणी माझ्याशी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

चाचांनी त्या दिवशी आम्हा दोघांचंही तोंड बघायला नकार दिला. पुढच्या आठवड्यात शांत झाल्यावर त्यांनी निकाल दिला : रविवारी जो आधी मैदानात पाय ठेवेल तो राइट बॅक, दुसरा बाहेर. पहिल्या रविवारी मेव्हण्याची गाडी उशिरा आली आणि मी खेळलो. त्याच्या पुढच्या रविवारी मी स्टेशनवर फोन करून गाडी कुठपर्यंत आलीय ते विचारत असताना तो मैदानात पोचलासुद्धा होता. दुधनीहून कुणाच्या तरी टेम्पोत बसून आला होता. आता तो शनिवारी संध्याकाळीच आमच्याकडे मुक्कामाला येतो. पहाटे आम्ही दोघंही एकाच वेळी उठतो, एकाच वेळी बूट घालतो, कारण एकमेकांवर नजर असते. मोटारसायकल एकच आहे. पण मागे बसलेला माणूस आधी उतरतो. चालवणाऱ्याला गाडी स्टँडवर लावावी लागते.

परवा बायको गॅलरीत चहा घेऊन आली तेव्हा आम्ही फाटकापाशी उभे होतो. किल्ली माझ्या हातात होती आणि मी ती त्याच्यापुढे धरली होती.

"चालवा तुम्ही," मी एकदम अहो-जाहोवर येत म्हणालो.

"छे छे, दाजी! तुमी असताना म्या कसा चालवू? तुमीच चालवा."

"पाहुण्याचा मान."

"दाजींचा मान मोठा."

बायकोनं वरून कानडीत काहीतरी म्हटलं. मला कानडी येतं, पण ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. मेव्हण्यानंही तसंच केलं. किल्ली आमच्या दोघांच्या मध्ये तशीच लोंबत होती आणि उजाडत चाललं होतं.